नशिबाचा रकाना

फिनलंडमधल्या लाहतीच्या स्पर्धेनंतरच्या सकाळी हेमांगी कारखानीस हॉटेलच्या नाश्त्याच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती. कॉफी केव्हाच गार झाली होती. पडद्यावर बावन्न नावं होती आणि प्रत्येक नावापुढे एक रकाना. त्या रकान्याला तिने गमतीने 'नशीब' असं नाव दिलं होतं. ती गंमत आता तिच्या अंगाशी आली होती.

खेळ होता नॉर्डिक कम्बाइन्ड. नोव्हेंबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंत चालणारी महिलांची विश्वचषक मालिका; दर एक-दोन आठवड्यांनी नवा देश, नवा डोंगर. सकाळी प्रत्येक खेळाडूने उंच उतारावरून स्कीवर घसरत यायचं आणि एक उडी मारायची. नव्वद मीटर, शंभर मीटर, कधी त्याहूनही लांब. त्या उडीचे गुण मिळतात आणि दुपारी त्याच गुणांचे सेकंद होतात. जिची उडी सर्वांत चांगली, ती बर्फावरच्या शर्यतीला सर्वांच्या आधी निघते. बाकीच्या गुणांच्या हिशेबाने मागून, एका गुणाला चार सेकंद. मग जंगलातून, चढउतारांवरून, छाती फुटेस्तोवर पळत सुटायचं. जी शेवटची रेघ आधी ओलांडेल ती जिंकली. सकाळी पिसासारखं हलकं असावं लागतं आणि दुपारी बैलासारखं दणकट. हे दोन्ही एकाच अंगात मावणं कठीण, म्हणून हा खेळ खेळणारे थोडे आणि बघणारे वेडे.

या खेळाचं जुनं दुखणं म्हणजे वारा. स्कीवरून झेपावलेली खेळाडू हवेत पतंगासारखी असते. समोरून वारा आला तर तो तिला उचलून धरतो. पाठीमागून आला तर खाली दाबतो. एकीला समोरचा वारा मिळाला, दोन मिनिटांनी दुसरीला मागचा मिळाला, की कौशल्य सारखं असूनही दोघींमध्ये दहा मीटरचा फरक. उताराच्या कडेला पाच-सात वारामापक लावून अंदाजे गुण वजा-जमा करायची पद्धत होती, पण ती म्हणजे तोंड पाहून ताप सांगण्यासारखी.

हेमांगीने त्यावर यंत्र काढलं. ती मूळची साताऱ्याची. चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्यांवर तिने तीन वर्षं नोकरी केली होती आणि मग वाऱ्याच्याच अभ्यासासाठी नॉर्वेत येऊन तिथलीच झाली होती. तिच्या यंत्रात सोळा लेसर होते. हवेत कायम तरंगत असलेल्या बर्फाच्या बारीक कणांवरून त्यांचा प्रकाश परत यायचा आणि त्यावरून उडीच्या वाटेवरच्या प्रत्येक घनमीटर हवेचा वेग सेकंदाला पन्नास वेळा कळायचा. खेळाडू ज्या हवेतून गेली ती हवा गणितात पुन्हा बांधायची, मग तिच्यातला वारा काढून टाकायचा आणि विचारायचं: वारा अजिबात नसता तर ही उडी किती झाली असती? वारा नसलेल्या जागेला आपल्याकडे निवात म्हणतात. हेमांगीने यंत्राचं नाव तेच ठेवलं. नॉर्वेजियन लोक ते 'निव्हॅट' असं म्हणत. तिने दुरुस्त करणं सोडून दिलं होतं.

२०३८च्या हिवाळ्यात खेळाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने निवात अधिकृत केलं. गुण आता फक्त निवात उडीचे. आणि प्रत्यक्ष उडी आणि निवात उडी यांतला जो फरक, तो 'नशीब'. प्रेक्षकांना हा रकाना इतका आवडला की टीव्हीवर प्रत्येक उडीखाली तो झळकू लागला. नशीब: अधिक चार मीटर. नशीब: उणे सहा मीटर. लोक त्यावर पैजा लावत.

नशीब कुणाकडे मुक्कामाला राहत नाही, हे तर गणित. आज अधिक, उद्या उणे; पूर्ण मोसमाची सरासरी शून्याकडे जायला हवी. बावन्नपैकी एक्कावन्न जणींची तशी जातही होती.

बावन्नावी होती मारेट तामसार.

एस्टोनियाची मारेट एकतीस वर्षांची होती. मागचे दोन्ही मोसम तिने जिंकले होते. निवात आल्यापासून तिची उडी पहिल्या तिघींतून दहाव्या-बाराव्या क्रमांकावर घसरली होती, आणि केवळ पळण्याच्या जोरावर ती अजून एकूण यादीत दुसरी होती. तिच्या एकोणीस उड्यांपैकी अठरा उड्यांत नशीब अधिक होतं. नाणं एकोणीस वेळा उडवून अठरा वेळा छापा पडावा, तसं. असं सव्वीस हजार वेळांत एकदा होतं. हेमांगीने मागच्या दोन मोसमांच्या कच्च्या नोंदी काढल्या. तिथेही तेच.

"पाहिलंस ना?" समोरच्या खुर्चीवर हेन्रिक स्ट्रोम येऊन बसला. स्पर्धेचा तांत्रिक संचालक, साठीचा, सरळ माणूस. "ऑस्ट्रियाच्या संघाने रात्री लेखी तक्रार दिलीय. आनलिझ होल्त्सर म्हणते, नशीब इतकं इमानदार नसतं. मारेटकडे काहीतरी यंत्र लपवलेलं आहे, वारा आधी सांगणारं. मागचे दोन्ही चषक परत घ्या, अशी मागणी आहे."

"आणि आनलिझ यादीत पहिली आहे."

"अठ्ठावीस गुणांनी. शेवटच्या स्पर्धेत मारेट जिंकली तर चषक मारेटचा." हेन्रिकने चष्मा काढून पुसला. "दोन आठवडे आहेत. तुझ्या यंत्राने संशय निर्माण केला, तर तुझ्याच यंत्राने तो फेडावा. शोधून दे."

हेमांगी हो म्हणाली. खरं सांगायचं तर तिला आनंदच झाला होता. आकडा जिथे अडतो तिथे काहीतरी राहत असतं, असा तिचा अनुभव होता.

त्याच दिवशी मारेटच्या सामानाची झडती झाली. हेल्मेटचं अस्तर उसवलं, बुटांचे तळ काढले, उडीचा पोशाख एक्स-रेखाली धरला. मारेट लोकरीचे मोजे घालून बाकावर बसली होती आणि आपल्या वस्तूंचे तुकडे होताना बघत होती. शेजारी तिचे प्रशिक्षक युरी, सत्तरीचे, टोपी हातात धरून उभे. काही सापडलं नाही. तपासनीस गेल्यावर मारेटने हेमांगीकडे पाहिलं.

"तुम्हीच ना त्या, नशीबवाल्या बाई?"

"यंत्र माझं आहे," ती म्हणाली.

"लोक मला रस्त्यात थांबवून लॉटरीचं तिकीट निवडायला सांगतात," मारेट म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, नुसता थकवा होता. "अठरा वर्षं उड्या मारतेय. माझं काय आणि नशिबाचं काय, हे तुमच्या यंत्राला कुठून कळतं?"

हेमांगीकडे या प्रश्नाला उत्तर होतं. तिने ते दिलं नाही, कारण आदल्या सकाळपर्यंत बरोबर वाटणारं ते उत्तर आता तिला स्वतःलाच पटत नव्हतं.

युरी दारापर्यंत तिच्याबरोबर आले. "तुम्हाला एक सांगतो," ते हळूच म्हणाले. "दिवा हिरवा झाला की खेळाडूकडे निघायला दहा सेकंद असतात. खाली उभा असलेला प्रशिक्षक वारा बघून वर धरलेला झेंडा खाली करतो, मग ती निघते. सगळ्यांचं असंच. मी मात्र हिरवा दिवा लागला की लगेच झेंडा खाली करतो आणि डोळे मिटून घेतो. पुढचं तिचं ती बघते. ती चौदा वर्षांची असल्यापासून मी हे करतोय. का, ते मला विचारू नका. मी वारा बघून खूण करायचो तेव्हा ती कमी उडायची."

हेमांगीने पुढचे दोन दिवस मारेटच्या जुन्या उड्यांच्या चित्रफिती बघण्यात घालवले. हिरव्या दिव्यानंतर ती कधी दोन सेकंदांनी निघे, कधी नऊ. एका बारीक गोष्टीवर हेमांगीची नजर पुन:पुन्हा अडत होती. निघण्याच्या अगदी आधी मारेटची मान किंचित उजवीकडे कलायची. बोटभर. प्रत्येक वेळी नाही, पण बहुतेक वेळा.

तिने मारेटला फोन केला आणि सरळ विचारलं, "तुम्ही दहा सेकंदांत कशाची वाट बघता?"

"ते कललं की निघायचं," मारेट म्हणाली.

"काय कललं की?"

"सगळंच. आपण होडीत बसलोय आणि एका अंगाने लाट आली, तसं. सगळ्यांना होतं ना ते?"

"नाही," हेमांगी म्हणाली. "मला नाही होत."

तीन दिवसांनी दोघी नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमजवळच्या सरावाच्या उतारावर भेटल्या. युरींनी दुरून हात केला आणि ते गाडीतच बसून राहिले. उतारावर कुणीच उडणारं नव्हतं. लेसर चालू होते. मारेटला उताराच्या माथ्यावरच्या, जिथून उडीला निघतात त्या बाकावर, डोळ्यांवर पट्टी बांधून बसवलं आणि हातात एक बटण दिलं. 'ते' झालं की दाबायचं. हेमांगी खालच्या केबिनमध्ये पडद्यासमोर.

पहिल्या वेळी बटण दाबलं गेलं तेव्हा पडद्यावर काहीच नव्हतं. हवा थंड, सपाट. हेमांगी मनाशी म्हणाली, चला, म्हणजे हेही नाही. आणि मग पडद्याच्या डाव्या कडेने पिवळा पट्टा आत आला, पसरला, आणि उडीच्या वाटेवरून समोरून वर चढत गेला. बटण दाबल्यापासून आठ सेकंद.

दुसऱ्या वेळी साडेसात. तिसऱ्या वेळी नऊ.

दुपारपर्यंत एक्केचाळीस वेळा बटण दाबलं गेलं. त्यांतल्या चौतीस वेळा सात ते नऊ सेकंदांत समोरच्या वाऱ्याचा झोत आला. बाकावरून निघून हवेत झेपावेपर्यंत आणि उडीच्या मध्यापर्यंत साधारण तेवढाच वेळ लागतो. हेमांगी केबिनमधून धावत वर गेली. बर्फात दोनदा घसरली. वर पोचली तेव्हा तिला धाप लागली होती आणि ती हसत होती.

"चौतीस!" ती ओरडली. "एक्केचाळीसपैकी चौतीस! माझे सोळा लेसर जे बघतात ते तुला त्यांच्या आधी कळतं!"

मारेटने पट्टी वर केली. तिचे डोळे पाण्याने भरले होते. "म्हणजे मी वेडी नाही," ती म्हणाली. "आणि नशीबवानही नाही."

वाऱ्याचा झोत म्हणजे हवेचा एक लोळणारा भोवरा. तो स्वतः रांगत येतो, सेकंदाला चार-पाच मीटर. पण त्याच्यामुळे हवेच्या दाबात पडणारा फरक आवाजाच्या वेगाने पुढे धावतो. आवाज म्हणजे दाबाचीच लाट. ही लाट मात्र इतक्या संथ हेलकाव्यांची असते की आपला कान तिची दखल घेत नाही. हेमांगीला हे माहीत होतं. तिला कळत नव्हतं ते एवढंच, की मारेटचा कान तिची दखल कशी घेतो. त्यासाठी तिने कोल्हापूरला फोन लावला. तिची थोरली बहीण अरुंधती तिथे कान-नाक-घशाची डॉक्टर होती. दुपारची ओपीडी आटोपून ती डबा खात होती.

"ताई, तुला एक गंमत सांगते," असं म्हणून हेमांगीने सगळं सांगितलं.

"मान कुठल्या बाजूला कलते म्हणालीस?" अरुंधतीने घास थांबवून विचारलं.

"उजव्या."

"दर वेळी उजव्याच?"

"हो. का गं?"

"माझ्याकडे एक हलगीवाला येतो. चांगला वाजवणारा गडी. गेल्या वर्षी तक्रार घेऊन आला, की हलगीवर थाप पडली की समोरची माणसं उडी मारतात. त्याची नजर हलायची, माणसं नाही. हेमे, नीट ऐक. आतल्या कानात तोल सांभाळणाऱ्या तीन वाकड्या नळ्या असतात, पाण्याने भरलेल्या. डोकं हललं की पाणी हलतं, मेंदूला कळतं. त्या हाडात पक्क्या बंद असायला पाहिजेत. काही जणांत वरच्या नळीवरचं हाड कागदासारखं पातळ राहतं, नाहीतर टाचणीएवढं भोक राहतं. मग बाहेरचा दाब थेट त्या पाण्याला ढकलतो. डोकं जागेवर असतं आणि मेंदूला वाटतं, जग कललं. तुझी ती पोरगी मान कलवून स्वतःला सरळ करतेय."

"म्हणजे तो तिचा गुण नाही का?"

"गुण कसला, दुखणं आहे! आणि ती त्या दुखण्यासकट डोंगरावरून उडतेय." अरुंधतीचा आवाज चढला. "उद्या हवेत असताना कुणी जोरात भोंगा वाजवला, आणि एवढंसं कलण्याऐवजी सगळंच गरगरलं, तर? ते भोक वयाबरोबर वाढतं. तिला ताबडतोब तपासून घ्यायला सांग."

"अठरा वर्षं ती एकदाही पडली नाही, ताई."

"ही काही हमी नाही, हेमू."

"तिला सांगितलं तर संघाचे डॉक्टर तिला उडू देणार नाहीत. आठवड्यावर शेवटची स्पर्धा आहे."

"तू डॉक्टर नाहीस, हे खरं," अरुंधती म्हणाली. "पण आता तुला माहीत आहे, हेही खरं. ते काही परत करता येत नाही."

फोन ठेवल्यावर हेमांगी कोट चढवून बाहेर पडली. मघाशी ज्या चौतीस आकड्याने ती बर्फातून धावत सुटली होती, त्याच आकड्याने आता तिला मारेटच्या दारात नेऊन उभं केलं होतं.

तिने मारेटला काहीही न लपवता सांगितलं. मारेटने उठून खिडकी लावली, उघडली, पुन्हा लावली.

"तुझ्या यंत्राने आधी माझा मोसम घेतला," ती म्हणाली. "मग अब्रू घेतली. आता आभाळही घेणार?"

"मी कुणाला सांगणार नाही. ते तुझं आहे. पण तू तपासून घे."

"स्पर्धेनंतर."

"माझी बहीण म्हणते, आधी."

"तुझ्या बहिणीने कधी उडी मारलीय?"

निघताना हेमांगी दारात थांबली. "सुनावणी शुक्रवारी आहे. मला खरं लिहावं लागेल. मात्र तुझ्या शरीराबद्दल एक अक्षरही लिहिणार नाही."

तिने तसंच केलं. शुक्रवारी, स्पर्धेच्या आदल्या सकाळी, समितीच्या पाच जणांसमोर तिने आपला अहवाल वाचला. कुठलंही उपकरण सापडलेलं नाही. मारेट तामसार वारा आधी ओळखते, आणि ते मोजून सिद्ध झालेलं आहे. पुढचं वाक्य वाचायला तिला सर्वांत जड गेलं.

"चूक माझ्या यंत्राची आहे. मी सगळ्या वाऱ्याला नशीब म्हटलं. हिरवा दिवा लागला तेव्हाच्या दहा सेकंदांत जो सरासरी वारा होता, तेवढंच नशीब. तो खेळाडूच्या हातात नव्हता. पण त्या दहा सेकंदांतला नेमका कुठला क्षण धरायचा, हे खेळाडू ठरवते. सरासरी आणि तो क्षण यांतला फरक हे तिचं कौशल्य आहे. मी पूर्ण मोसम ते कौशल्य नशीब समजून वजा करत आले."

खोलीत चुळबुळ झाली. हेन्रिकने विचारलं, "ती ओळखते कशी?"

"ते मी सांगणार नाही."

"म्हणजे तुला माहीत आहे."

"हो."

"हेमांगी," तो थकल्या आवाजात म्हणाला, "कारण कळलं नाही तर उद्या प्रत्येक संघ म्हणेल, यंत्र होतं, सापडलं नाही एवढंच. मारेटला कदाचित संशयाचा फायदा मिळेल. युरींना मिळणार नाही. खेळाडू चौदा वर्षांची असल्यापासून हा माणूस झेंडा दाखवण्याचं नाटक करतोय, हे त्यांनीच कबूल केलंय. त्यांच्यावर आयुष्यभराची बंदी येईल."

भिंतीकडच्या खुर्चीवर युरी टोपी मांडीवर ठेवून बसले होते. ते उठले. "येऊ द्या," ते म्हणाले. "माझं वय झालंय. तिला उद्या उडू द्या."

त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर मारेट होती. ती इतका वेळ जमिनीकडे बघत होती. तिने युरींचा हात धरून त्यांना खाली बसवलं आणि स्वतः उभी राहिली.

"माझा उजवा कान," ती म्हणाली. "त्यातल्या हाडाला बहुतेक भोक आहे. मला वाऱ्याआधी तोल गेल्यासारखं वाटतं. लहानपणापासून. मला वाटायचं, सगळ्यांनाच वाटतं." तिने युरींकडे हात केला. "युरींना यातलं काही माहीत नाही. त्यांनी फक्त माझ्यावर विश्वास ठेवला."

टेबलाच्या टोकाला बसलेल्या वैद्यकीय अधिकारी बाईंनी लिहिणं थांबवलं. आपण काय बोललो आणि त्याचा परिणाम काय, हे मारेटला पूर्ण माहीत होतं, आणि त्यांनाही.

"मिस तामसार," त्या सावकाश म्हणाल्या, "तपासणी होईपर्यंत मी तुम्हाला उडीची परवानगी देऊ शकत नाही."

"माहीत आहे," मारेट म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती प्रेक्षकांत उभी राहून स्पर्धा बघत होती. आनलिझ होल्त्सरने शर्यत जिंकली, चषकही जिंकला. टीव्हीवर नशिबाचा रकाना दिसला नाही; हेन्रिकने तो सकाळीच काढायला लावला होता.

तपासणीत अरुंधतीचं म्हणणं खरं निघालं. भोक दीड मिलिमीटरचं होतं. एप्रिलमध्ये कानामागून शस्त्रक्रिया करून सर्जनने त्यावर हाडाची चकती बसवली. ते करणं मारेटवर बंधनकारक नव्हतं. ती खेळ सोडू शकली असती. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी हेमांगी तिला भेटायला गेली तेव्हा तिने विचारलं होतं, "नंतर मला काहीच कळणार नाही ना?"

"नाही. आम्हाला कळतं तेवढंच."

"ते कसं असतं?"

जे कधी वाटलंच नाही, ते न वाटणं कसं असतं, हे हेमांगी कसं सांगणार?

उन्हाळ्यात महासंघाने हेमांगीची नवी पद्धत मान्य केली. दहा सेकंदांची सरासरी वजा. निवडलेला क्षण खेळाडूचा. त्याचा परिणाम कुणाच्या ध्यानीमनी नव्हता. पोरी वारा ऐकायला शिकू लागल्या. सराव संपला की कुणी झाडांच्या शेंड्यांकडे बघत बसे, कुणी हातमोजा काढून ओला तळवा हवेत धरी. फिनलंडच्या एका खेळाडूने डोळे मिटून बर्फाच्या सरकण्याचा आवाज ओळखायचा नाद लावून घेतला. वाऱ्यावर सोडलेल्या गोष्टी हाती येतात का, हे बघण्यात पूर्ण खेळ गुंतला. आणि ही वाट जिच्यामुळे उघडली, तिच्याकडेच आता ती किल्ली नव्हती.

डिसेंबरमध्ये, नव्या मोसमाच्या दुसऱ्या स्पर्धेत, मारेट परत आली. हेमांगी केबिनमध्ये होती. मारेट बाकावर बसली. दिवा हिरवा झाला. खाली युरींनी लगेच झेंडा खाली केला नाही. ते डोळे उघडे ठेवून झाडांकडे बघत होते. सहाव्या सेकंदाला त्यांनी झेंडा खाली केला आणि मारेट निघाली. मान सरळ होती.

उडी साधी झाली. ब्याऐंशी मीटर. यादीत तिचा क्रमांक चोविसावा आणि क्षण निवडण्याचे गुण उणे. दुपारी ती आनलिझच्या एक मिनिट छत्तीस सेकंद मागून निघाली आणि पळाली मात्र जीव तोडून. एकेकीला गाठत, ओलांडत, शेवटच्या चढावर दोघींना एकदम मागे टाकत ती नववी आली. रेघ ओलांडून ती बर्फातच आडवी झाली. हेमांगी धावत गेली तेव्हा तिच्या पापण्यांवर बर्फ गोठलेला होता आणि ती आभाळाकडे बघत होती.

"कसं वाटलं?" हेमांगीने वाकून विचारलं. ती मघापासून घाबरलेली होती. हे सगळं आपण केलं, ही भावना तिला आठ महिने सोडत नव्हती.

"वर काहीच नव्हतं," मारेट म्हणाली. "इतकं शांत! मी बाकावर बसले आणि कळेचना, काय येणार आहे. समोरचा वारा, मागचा, काहीच नाही. दोन्ही हातांनी बाक घट्ट धरला. पहिल्यांदा." ती उठून बसली. तिच्या चेहऱ्यावर नवल होतं, लहान मुलीच्या चेहऱ्यावर असतं तसं. "हेमांगी, या सगळ्या इतकी वर्षं अशाच उडत होत्या? काहीही न कळता?"

"हो."

"मला वाटायचं त्या घाबरट आहेत. झेंड्याची वाट बघत बसतात म्हणून." तिने एक-एक करून स्की पायांतून सोडवल्या. "मी तर कधी अंधारात उडी मारलीच नव्हती. त्या रोज मारत होत्या."

ती उठली. पलीकडे आनलिझ होल्त्सर घाम पुसत उभी होती. तक्रारीनंतर दोघी एकमेकींशी बोललेल्या नव्हत्या. मारेट थकल्या पायांनी तिच्याकडे गेली आणि तिला मिठी मारली. आनलिझ गोंधळून तशीच उभी राहिली. हातात पाण्याची बाटली, ओठांवर अर्धवट प्रश्न. मग तिने बाटली खाली टाकली आणि मोकळा झालेला हात मारेटच्या पाठीवर ठेवला.